जिन्याखालच्या मुंग्या

“वास्तुपुरुष कुठं हाय तुमचा?” आक्कांनी विचारलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच हात केला. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे, ह्यांनी जिन्याखाली.

आक्कांची काठी होती तिथंच थांबली. त्यांनी आधी माझ्या बोटाकडं पाहिलं, मग ह्यांच्या. मग सुनेकडं वळून म्हणाल्या, “स्नेहल, ह्या घरात दोन-दोन हायत म्हन की.”

नदाफभाई मोठ्यांदा हसले. घर विकून देणारा माणूस, कुठल्याही प्रसंगात आधी हसून घ्यायची त्यांना सवयच. “अवो आक्का, इतकी वर्षं झाली, विसरतंय माणूस. आग्नेय कोपऱ्यात असला म्हणजे झालं.”

“विसरतंय? आपल्या घरचा पुरुष कुठं निजलाय ते विसरतंय व्हय?” आक्का म्हणाल्या. “मग उद्या सह्या करताना आपलं नावबी विसरतील.”

आक्का म्हणजे आमचं घर घ्यायला निघालेल्या संजय चौगुल्यांच्या आई. संजयनं आणि स्नेहलनं घर दोनदा पाहिलं होतं, पसंत केलं होतं, बोलणी झाली होती. सांगलीच्या रजिस्टर ऑफिसात दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या. आक्का मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. संजय कामावर गेलेला, म्हणून सुनेला घेऊन. त्यांनी ना नळ सोडून बघितला, ना गच्ची. उंबऱ्यावर पाणी घालून आत आल्या आणि सरळ हे विचारलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वास्तुशांतीच्या दिवशी आग्नेयेला खड्डा घेतात, वास्तुपुरुषाची इवलीशी प्रतिमा त्यात पालथी ठेवतात आणि वर फरशी बसवतात. मग त्याला कधी हलवायचं नाही. घर विकलं तरी तो घराबरोबरच राहतो. नव्या माणसांनी त्याला नैवेद्य कुठं दाखवायचा, हे जुन्यांनी सांगायला नको?

आणि ते माझ्याइतकं कोण सांगणार होतं? त्या कोपऱ्यातल्या फरशीवर मी रोज सकाळी भाताची मूद ठेवत आले होते. वर वरण, तुपाची धार, तुळशीचं पान. घर बांधलं तेव्हापासून मी ते सोडेपर्यंत एक दिवस चुकला नव्हता. बाहेरगावी जायची वेळ आलीच तर शेजारच्या काकूंना किल्ली देऊन जायची.

“जिन्याखाली कसा असेल?” मी ह्यांना हळूच म्हणाले. वर्ष झालं होतं आम्ही वेगळे होऊन, कोर्टाचा कागदही हातात आला होता. ‘अहो’ म्हणावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी हाक न मारताच बोलायची. “तुम्हाला दुसरं काही आठवत असेल.”

“नाही,” ते म्हणाले. “जिन्याखालीच आहे.”

एवढंच बोलून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. हे नेहमीचंच. आयुष्यभर टपालखात्यात, पत्रं लावायच्या खोलीत काम केलेला माणूस. जगातलं सगळं बोलणं पाकिटांतून बंद होऊन जातं, अशी त्यांची कल्पना असावी.

आक्कांनी काठी आपटली. “मला दोघांचं एक होऊन सांगा. न्हाईतर मी पोराला सांगते, ह्या घरात पडू नगंस.”

नदाफभाईंचा चेहरा उतरला. “गुरुजींना विचारू या की. कोण होते?”

“ते वारले,” आम्ही दोघंही म्हणालो. निदान त्यावर तरी एकमत झालं.

“मग फरशी काढू या,” नदाफभाई म्हणाले. “मागच्या प्लॉटवर काम चालू आहे, गवंडी आणतो. वहिनी दाखवतात ती एक फरशी उचलायची, बघायचं, परत बसवायची. काय म्हणता?”

मी हो म्हणाले. मला भीती नव्हती, खरं सांगायचं तर उत्सुकताच होती. वास्तुशांतीच्या दिवशी मला ती प्रतिमा दिसलीच नव्हती. मी त्या दिवशी निर्जळी धरली होती. वास्तुशांत होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा माझाच संकल्प. सासूबाई नको म्हणत होत्या. दुपारी होमाच्या धुरानं घेरी आली, आणि मला शेजारी नेऊन पंख्याखाली निजवलं. माझ्या जागी सुपारी मांडून पुढचं झालं. मी उठून आले तेव्हा पंगती बसल्या होत्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली एक फरशी नवी बसवलेली, कडेचं सिमेंट ओलं, वर कुंकू. मी तिथंच डोकं टेकलं होतं.

गवंडी आला. त्यानं छिन्नीनं कड मोकळी केली आणि फरशी उचलून बाजूला ठेवली. खाली वाळू. त्यानं हातानं वाळू उकरली, आणखी उकरली. मी वाकून बघत होते, माझ्या खांद्यावरून स्नेहल, तिच्या बाजूनं आक्का.

वाळूखाली एक काळा पाईप निघाला. दुसरं काही नाही.

“हा मोरीचा,” गवंडी म्हणाला. “इथं कोण काय ठेवंल?”

मी त्या पाईपकडं बघत राहिले. न्हाणीघरातून निघून भिंतीखालून जाणारा, साधा, माती लागलेला. मी पाटावर बसून, हात जोडून, डोळे मिटून...

“अगं बया,” आक्का म्हणाल्या. “इतकी वर्सं मोरीला जेवू घातलंस व्हय गं!”

स्नेहलला हसू आलं, तिनं पदरानं तोंड झाकलं. नदाफभाईही हसायला लागणार होते, तेवढ्यात खिडकीशी उभे असलेले हे वळले.

“आक्का, असं बोलू नका,” ते म्हणाले. ह्यांचा आवाज इतका चढलेला मी क्वचितच ऐकला होता. “मोरीला नाही गेलेलं. जिथं पोचायचं तिथं पोचलंय ते. रोजच्या रोज.”

स्नेहलनं तोंडावरचा पदर काढला. ह्यांना आपण बोललो याचंच जणू आश्चर्य वाटलं, आणि ते तडक बाहेरच्या खोलीत गेले.

मी त्या खड्ड्याशी खाली बसले. पोचलंय? ह्यांना काय ठाऊक? देव न मानणारा माणूस. मी संकष्टीचं चंद्रदर्शन करून जेवायला बसले की म्हणायचे, “चंद्र वेळेवर आला का? लेटमार्क लावायचा का?” त्यांनी पोचल्याची ग्वाही कशी द्यावी?

आक्का म्हणाल्या, “आता जिन्याखाली बी उकर रं. दूध का दूध होऊ दे.”

“थांबा,” मी म्हणाले. “आधी मला ह्यांच्याशी बोलायचंय.”

आक्कांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, “चल, मागं हौद हाय म्हनत्यात, दाव मला.” नदाफभाईंनाही काठीनं ढोसून त्या घेऊन गेल्या.

हे जिन्याजवळ उभे होते. आमचा जिना स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच, म्हणजे तोही आग्नेयेच्याच अंगाला. त्याच्याखाली तिरकी, अंधारी, मोकळी जागा. त्या जागेवरून आमच्यात जेवढी कुरबुर झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसेल. मला तिथं चपलांचं कपाट हवं होतं. ह्यांनी ठेवू दिलं नाही. मग म्हटलं लोणच्याच्या बरण्या ठेवते, झाडू ठेवते, लेकीची, मृणालची जुनी सायकल ठेवते. नाही, नाही आणि नाही. “राहू दे ना एक जागा मोकळी,” एवढंच कारण. आणि त्या मोकळ्या जागेत मुंग्या! तिथं काही नसताना बारा महिने मुंग्यांची रांग. मी हळद टाकली, खडूच्या रेघा मारल्या. ह्यांनी त्या पुसल्या. म्हणाले, “येऊ देत. तुझं काय खातात?”

आता मी त्या जागेकडं बघत होते. घर बंद असल्यामुळं तिथं एकही मुंगी नव्हती.

“काय झालं होतं त्या दिवशी?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “खड्डा घेतला, पूजा झाली, आणि आणखी खोल गेल्यावर पाईप लागला. गुरुजी म्हणाले, मोरीवर कसं ठेवायचं? मग तो बुजवून फरशी बसवली आणि जिन्याखाली नवा घेतला. तू शेजारी पडलेली. गुरुजी म्हणाले होते, वहिनींना सांगा.”

“मग?”

“सांगणार होतो. तू इतकी गळून गेली होतीस, म्हटलं उद्या सांगू. उद्या पहाटे उठून बघतो तर तू त्या फरशीवर मूद ठेवून बसलेली. तुझं मौन.”

माझं मौन असायचं खरं. उठल्यापासून पूजा आणि पोथीचा अध्याय होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. आजही नाही. आणि ह्यांची ड्यूटी सकाळची. माझा अध्याय संपायच्या आत ते सायकल काढून गेलेले असायचे.

“पण संध्याकाळी?” मी म्हणाले. “संध्याकाळी तर मी बोलत होते.”

“सकाळी तुझं मौन, संध्याकाळी माझं,” ते म्हणाले, आणि थोडं हसले. “आणि मग बरेच दिवस गेल्यावर वाटलं, आता सांगितलं तर तुला वाटेल, आतापर्यंतचं सगळं वाया गेलं.”

“नैवेद्य पोचलाय, असं तुम्ही आत म्हणालात.”

ते जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत राहिले.

आणि मग मला ती मूद आठवली.

ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. भजनी मंडळातल्या एकीला सोडून, आणि तिलाही शपथ घालून. मी मूद ठेवायची, आणि पाठ करून देवघरापुढं पोथी वाचायला बसायची. अध्याय संपवून वळले की मुदीची एक कड ढासळलेली असायची. बोटभर. एखाद्या लहान मुलानं घास घ्यावा तशी. मांजर नाही, उंदीर नाही. मूद विस्कटलेली नसायची, कुणीतरी अदबीनं घेतलेली असायची. मी मनात म्हणायची, जेवला. आणि तो दिवस मला चांगला जायचा. सासूबाईंचं आजारपण, मृणालचं लग्न, कशाकशातून मी त्या बोटभर खाचेवर तरून गेले, ते माझं मला माहीत.

ह्यांची नोकरी संपली. ते दिवसभर घरी राहायला लागले आणि आम्हाला कळलं की एकमेकांना सांगण्यासारखं आमच्याकडं काही नाही. भांडण नव्हतं. लोकांना वाटायचं, काहीतरी असणारच. कोर्टातल्या बाईंनी तर मला एकटीला घेऊन विचारलं, मारतात का, पितात का. मी नाही म्हटलं तर त्यांना माझीच दया आली. हे कोल्हापूरला खोली घेऊन राहिले. घर दोघांच्या नावावर होतं, पण मी ठेवायचं, असं ठरलं होतं. मला सोडवत नव्हतं ते.

पण हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मूद जशीच्या तशी राहायला लागली. गोल, गुळगुळीत, कुणी हात न लावलेली. मी भात मऊ केला, तूप वाढवलं, गुरुवारी पुरण केलं. नाही. वास्तुपुरुष रुसला, नवऱ्याला जाऊ देणाऱ्या बाईचं अन्न तो घेत नाही, असं माझ्या मनानं घेतलं. पावसाळा सरेपर्यंत वाट पाहिली आणि मग मीच नदाफभाईंना निरोप धाडला, घर काढायचंय. भावाकडं मिरजेला निघून आले.

“भात तुम्ही घ्यायचात,” मी म्हणाले.

“चार शितं,” ते म्हणाले. “जाता जाता. तू वाचत असायचीस. इथं ठेवायचो आणि जायचो.”

“तुम्ही तर मानत नाही.”

“मी कुठं मानतो?” ते जरा चिडूनच म्हणाले. “पण तू मनापासून पाठवलेलं. पत्ता चुकलाय म्हणून ते तसंच पडू द्यायचं? आमच्याकडं चुकीच्या पत्त्याचं टपाल फेकत नाहीत, शरयू. योग्य पत्ता घालून पुढं पाठवतात. मी तेवढंच केलं.”

माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण मला हसू आलं. टपाल! मी इतकी वर्षं वाट बघितली, पावतीही रोज मिळाली, आणि पोस्टमन माझ्याच घरात जेवत होता.

“म्हणजे घर रुसलं नव्हतं,” मी म्हणाले. मुदीची ती खाच, नंतरची अख्खी मूद आणि घर का काढलं, ते सगळं मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही खिडकीकडं पाहिलं नाही.

“एवढ्यासाठी विकायला काढलंस?” ते म्हणाले. “मग नको विकू. राहा इथं. मी उद्या येत नाही सहीला. आक्कांना मी सांगतो काय ते.”

मागच्या अंगणातून आक्कांचा आवाज येत होता, हौदाला शेवाळ धरलंय म्हणून नदाफभाईंना झापत होत्या. मी स्वयंपाकघराकडं पाहिलं. माझी खिडकी, माझा ओटा, उचलून ठेवलेली फरशी. सगळं परत बसवता आलं असतं.

“मी राहिले,” मी म्हणाले, “तर ते जिन्याखाली पोचवणार कोण?”

आता जागा ठाऊक झाली होती. मीच ठेवला असता की नैवेद्य तिथं. पण मी नैवेद्याचं नाही, त्यांच्या परतण्याचं विचारलं होतं, आणि हे त्यांनाही कळलं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. घरात बोललेल्या शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते, असं मी मृणालला लहानपणापासून सांगत आले होते. ते ह्यांनीही हजारदा ऐकलं असेल. त्यांनी तोंड मिटलं. खोटं बोलायचं नव्हतं त्यांना, त्या जागेपुढं तर नाहीच.

मलाही नव्हतं.

“विकू या,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले.

त्या दिवशी मी शेवटचा नैवेद्य म्हणून दहीभाताचा डबा आणला होता. पिशवीतून काढला. जिन्याखाली वाकून बसले. अंधार होता म्हणून ह्यांनी मोबाईलचा दिवा धरला. मी मूद पाडली, तुळस ठेवली, हात जोडले. उठताना गुडघा धरला, तर त्यांनी दंडाला हात दिला.

“आता तुमचं काम राहिलं नाही,” मी म्हणाले.

“आता खरा रिटायर झालो,” ते म्हणाले.

आक्का आत आल्या, काठी टेकत जिन्यापाशी थांबल्या, वाकून मूद बघितली. गवंडी छिन्नी घेऊन पुढं झाला.

“तिथं उकरायचं नाही,” मी म्हणाले. “निजलेला आहे तो.”

“आणि पुरावा?” नदाफभाई म्हणाले.

“गप रं,” आक्का म्हणाल्या. “दोघांचं बोट एका जागी आलं न्हवं? मला तेवढंच पायजे हुतं.” मग माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलावर बोटं मोडली. “आमी घालू त्याला जेवायला. काळजी करू नगं.”

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. रजिस्टर ऑफिसातून बाहेर पडताना ह्यांनी मला रिक्षा करून दिली आणि ते स्टँडकडं चालत गेले.

आता मी मिरजेला नव्या घेतलेल्या दोन खोल्यांत राहते. वास्तुशांतीला भाऊ-वहिनी बसले. प्रतिमा ठेवताना मात्र मी समोर उभी होते. निर्जळी धरली नव्हती, दूध पिऊन उभी होते, आणि फरशी बसेपर्यंत हलले नाही. पत्ता चुकण्याचा प्रश्नच नाही. रोज मूद ठेवते, पाठ करून अध्याय वाचते, आणि वळून बघते. मूद जशीच्या तशी असते. मी आता त्याला रुसवा म्हणत नाही. पण बघते मात्र रोज.

परवा सकाळी अध्याय चालू असताना फोन वाजायला लागला. मौनात मी घेत नाही. तो थांबला आणि परत वाजला, परत थांबला आणि परत वाजला. मृणालचं काही नसेल ना, म्हणून शेवटी उठले.

“काकू, मी स्नेहल. चौगुले.” पलीकडं मागून आक्कांचा आवाज चालूच होता. “सॉरी हं, सकाळी सकाळी. तुम्हाला एक विचारायचं होतं. जिन्याखाली मुंग्या फार झाल्यात हो. आक्का तिथं रोज भात ठेवतात, आणि पुसून घेतलं तरी रांग हटत नाही. तुम्ही काय घालत होता?”

मी पोथीच्या पानावर बोट ठेवून उभी होते.

“काही घालू नकोस,” मी म्हणाले. “येऊ देत.”

फोन ठेवला. पोथीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. ह्या वेळेला ह्यांच्याशी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पण मौन मोडलंच होतं. मी कोल्हापूरचा नंबर लावला.